नव्या गाडीच्या इंजिनची लाइट परत परत लागते, शोरूमवाले ‘ओके’ म्हणून गाडी परत देतात. काय करावं?

गाडी चौदा महिन्यांची, चार वेळा वर्कशॉपला नेली, चारही वेळा ‘काही प्रॉब्लेम नाही’ ऐकून परत आणली, असं तुम्ही लिहिलंय. पाचव्यांदा नेण्याआधी एक काम करा. आधीची चारही जॉब कार्डं (गाडी घेताना वर्कशॉप तक्रार लिहून देतं तो कागद) काढा आणि त्यांवर तुमची तक्रार काय शब्दांत लिहिलीय ते वाचा.

मी वाचली नव्हती. माझी 2021 ची डिझेल गाडी, वापर रोजचा कोथरूड ते शिवाजीनगर. इंजिनची लाइट लागायची, मग पिकअप जायचा. एकदा खंबाटकी घाटात सहकुटुंब अडकलो. मागून ट्रकवाले हॉर्न मारतायत आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रांगतेय. वर्कशॉपमधला सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला, “साहेब, डीपीएफ भरतोय. हायवेला पळवत जा.”

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराचं प्रदूषण कमी करणारे नियम आले, तेव्हापासून डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारा फिल्टर असतो, तो डीपीएफ. गाडी सलग वेगात चालली की तो तापतो आणि काजळी जळून जाते. सिग्नल-टू-सिग्नल चालवली की तुंबतो. म्हणून मी दर रविवारी एक्सप्रेस-वेवरच्या उर्से टोलनाक्यापर्यंत जाऊन यायचो. बायको म्हणायची, देवदर्शनाला तरी एवढं नियमाने जा! तरीही पंधरा दिवसांत लाइट हजर. दर वेळी ते लॅपटॉप लावून काजळी जाळायचे, गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसायचे, गाडी धुऊन द्यायचे.

शेवटी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, “सर, सिस्टिममध्ये इंजिनची एकच तक्रार दिसतेय.” घरी येऊन कार्डं काढली. पहिल्यावर ‘जनरल चेकअप’, दुसऱ्यावर ‘वॉशिंग’, तिसऱ्यावर ‘लाइट इश्यू, ट्रायल ओके’. चौथ्यावर तर नुसतं ‘ओके’. चारही कार्डांवर सही माझीच!

पाचव्या खेपेला मी काउंटरवर उभा राहून लिहून घेतलं: ‘इंजिनची लाइट, पिकअप जातो, पाचवी वेळ.’ कोड पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो काढला. पी2463, म्हणजे फिल्टरमध्ये काजळी साचल्याचा कोड. डिपस्टिकचाही (इंजिन ऑइलची पातळी बघायची पट्टी) फोटो घेतला, कारण ऑइल खुणेच्या वर गेलं होतं. काजळी जाळायला गाडी जास्तीचं डिझेल सोडते. ते काम अर्धवट राहिलं की डिझेल ऑइलमध्ये उतरतं. ऑइल वाढलेलं बघून मी आधी खूशच होतो, हा भाग वेगळा. हे सगळं कंपनीच्या एरिया मॅनेजरला ई-मेल केलं, डीलरला सीसी. आठवड्याने कंपनीचा इंजिनिअर आला. डीपीएफच्या पुढचा-मागचा दाब मोजणारा सेन्सर चुकीचं रीडिंग देत होता. सेन्सर बदलला, ऑइल बदललं, सगळं वॉरंटीत. माझ्या रविवारच्या फेऱ्यांचं डिझेल मात्र कुणी दिलं नाही.

तुम्हीही असाच ई-मेल करा. त्याला उत्तर आलं नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, डीलर कुठलाही असो. फी गाडीच्या किमतीवर ठरते: 5 ते 10 लाखांना 200 रुपये, 10 ते 20 लाखांना 400. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. तक्रार डीलर आणि कंपनी दोघांच्याही विरुद्ध करा, नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवतात. फक्त ‘गाडीच बदलून द्या’ एवढ्यावर अडून बसू नका. वॉरंटी सदोष पार्ट दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची असेल, तर त्यावर अख्खी नवी गाडी मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्येच म्हटलंय. दुरुस्ती, खर्च आणि भरपाई मागणं जास्त व्यवहार्य.

आणि तोवर बाहेरच्या मेकॅनिकला इंजिनला हात लावू देऊ नका. स्कॅनर लावून कोड बघू दे, पण पाना नको. ‘बाहेर उघडली’ हे कारण डीलरला आयतं मिळतं.

गाडी पेट्रोल की डिझेल ते तुम्ही लिहिलं नाहीत. पेट्रोल असेल तर वरची काजळीची कथा तुमच्या कामाची नाही, जॉब कार्डांची आहे. कोड मिळाला की इथे टाका, बघू.