फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ छोट्या बोटीतून टार्पन पकडता येतो का? किती फुटी बोट आणि कोणतं आमिष लागेल?

येतो. टार्पन म्हणजे माणसाएवढा होणारा, रुपेरी खवल्यांचा समुद्री मासा. माझी बोट १६ फुटी आहे. मागे एक इंजिन, पुढे बोट आवाज न करता हळू सरकवणारी, बॅटरीवरची ट्रोलिंग मोटर, बस्स. ‘टार्पनसाठी किमान २४ फुटी बोट हवी’ असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर त्याच्याकडे २४ फुटी बोट आहे, एवढाच त्याचा अर्थ. मी हे छातीठोकपणे सांगते, कारण तसा एक माणूस आमच्याच घरात आहे. माझे धाकटे दीर.

मे ते जुलै या काळात गल्फच्या (मेक्सिकोच्या आखाताच्या) बाजूला, सॅरासोटा, व्हेनिसपासून खाली बोका ग्रँडपर्यंत, हे मासे किनारा धरून फिरतात. दहा ते वीस फूट पाणी, वाळूवर छत्री लावून बसलेली माणसं स्पष्ट दिसतात इतकं जवळ. अंडी घालायला ते पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पार खोल समुद्रात जातात, पण तिथे त्यांच्या मागे कुणी जात नाही. सकाळी वारा बहुतेक जमिनीवरून येतो आणि किनाऱ्यालगत पाणी सपाट असतं. मग मोठी बोट कशाला हवी? मिरवायला.

आता तो प्रसंग सांगतेच. जूनची सकाळ, व्हेनिसजवळच्या केसी की बेटासमोर. भावजी पहिल्यांदाच माझ्या बोटीत आले होते, स्वतःची गळाची दांडी घेऊन. लाइन इतकी बारीक की मी विचारलं, “याने काय बांगडे पकडायचेत?” तर म्हणाले, “वहिनी, जाड दोराने कुणीही ओढेल. खरं कौशल्य यात आहे.” मी गप्प बसले. पाहुणे होते.

सातच्या सुमारास उत्तरेकडे घोळका दिसला. टार्पन नुसत्या कल्ल्यांवर जगत नाही; वर येऊन हवा गिळतो आणि त्याचा वायुकोश फुप्फुसासारखा चालतो. त्यामुळे पाण्यावर आधी पाठ चमकते, मग शेपटी, आणि शांत सकाळी ‘फुस्स’ असा आवाजही येतो. भावजींचं सुरू झालं, “पळवा ना बोट, पळवा!” मी इंजिन बंद केलं. घोळक्यावर इंजिन घातलंत की सगळे खाली दबतात, आणि तुमच्याच नव्हे तर आसपासच्या प्रत्येक बोटीची सकाळ वाया जाते. त्यांचा रस्ता ओळखायचा, लांबून वळसा घालून पुढे जाऊन थांबायचं आणि त्यांना आपल्याकडे येऊ द्यायचं. छोटी बोट इथेच जिंकते. उथळ, हलकी, आवाज नाही.

आमिष म्हणून जिवंत खेकडा, कवचाच्या टोकातून गळ ओवलेला. (हा खेकडा फेकायच्या आधी नांगीने लीडर, म्हणजे गळाजवळचा जाड दोरा, धरून बसतो. ती आधी सोडवायची, नाहीतर फेक जाते बोटीतच.) घोळक्याच्या दहा-बारा फूट पुढे टाकायचा. डोक्यात टाकलात तर मासे बिथरतात, आणि मागे पडलेल्या आमिषासाठी टार्पन वळून येत नाही. भावजींची फेक मात्र झकास पडली, ते मान्य करायला हवं. लाइन ताणली गेली, सर्कल हुक (टोक आत वळलेला, आपोआप रुतणारा गळ) असल्यामुळे झटका न देता नुसतं रील गुंडाळलं आणि मासा पूर्ण पाण्याबाहेर आला. शंभर पौंडांच्या वरचा असणार. उघडं तोंड, खडखडणारे कल्ले, तळहाताएवढे खवले. असा उडाला की दांडी त्याच्याकडे झुकवून लाइन सैल सोडायची, नाहीतर त्या हाडासारख्या जबड्यातून गळ निसटतो. तेही त्यांनी नीट केलं.

आणि मग सुरू झालं ते संपेचना. बारीक लाइनवर जोर लावता येत नाही, लावला तर तुटते. मासा बोट ओढत व्हेनिसच्या दिशेला निघाला. दर थोड्या वेळाने वर येऊन हवा घ्यायचा आणि पुन्हा ताजातवाना. सूर्य डोक्यावर येत चालला, भावजी घामाने निथळत “काय मजा येतेय!” म्हणत होते, आणि मासा एका कुशीवर कलायला लागला होता. त्याच वेळी त्याच्या मागे पाण्यात तो उंच पर दिसला. हॅमरहेड शार्क. मी म्हटलं, “लाइन मोकळी सोडा.” ते म्हणाले, “आता? इतक्या जवळ आल्यावर?” मी पक्कड घेतली आणि दांडीच्या टोकाशी लाइन कापली.

मासा वाचला की नाही, कुणास ठाऊक. तेव्हापासून प्रत्येक दिवाळीला, प्रत्येक बारशाला ‘वहिनींनी माझा टार्पन कापला’ ही गोष्ट सांगितली जाते. तर एकदाच लिहून ठेवते: भावजी, पन्नास-पन्नास वर्षं जगू शकणारा मासा तुमच्या कौशल्यापायी दमवून शार्कच्या तोंडी द्यायचा, याला खेळ म्हणत नाहीत. घ्यायची ती ५० ते ६५ पौंडांचा ताण सोसणारी ब्रेडेड (विणलेली) लाइन, ६० ते ८० पौंडांचा लीडर (मोठे दात नसतात, पण तोंड कानशीसारखं खरखरीत असतं), त्याला झेपेल असं दणकट रील. दांडी उभी धरून फोटोला पोझ द्यायची नाही; खाली, आडवी धरून त्याचं डोकं वळवत राहायचं, वर येऊन हवा घेऊ द्यायची नाही. अर्ध्या तासाच्या आत बाजूला आणायचा आणि सोडायचा.

सोडायचाच आहे, हे तुम्हाला माहीत असेल असं धरून चालले होते. २०१३ पासून फ्लोरिडात टार्पन ठेवता येत नाही. विक्रमासाठी वर्षाला एक, असा वेगळा टॅग (परवाना) पैसे भरून मिळतो, तेवढाच अपवाद. ४० इंचांपेक्षा मोठा मासा तर पाण्याबाहेर काढायलाही बंदी आहे, तेव्हा मांडीवर घेऊन फोटो विसरा. तसंही हाडंच हाडं असतात, खाण्यात काही अर्थ नाही.

बोटीबद्दल एक राहिलं. १६ फुटी चालते म्हणजे रोज चालते असं नाही. पश्चिमेचा वारा असेल तर घरी बसा. उन्हाळ्यात दुपारी विजांसह पाऊस येतो, त्याआधी रॅम्पवर (बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर) परत या. आणि बोका ग्रँड पासच्या (दोन बेटांमधल्या खाडीमुखाच्या) तोंडाशी, जिथे ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडतं आणि हंगामात बोटीला बोट लागलेली असते, तिथे छोटी बोट नेऊ नका. तिथे मोठीच हवी, हे मान्य.