मुक्त बाजारवादी थिंक टँक नेमकं करतात काय, आणि त्यांच्या बातम्या-रिपोर्टवर किती विश्वास ठेवायचा?

तुम्ही लिहिलंय की अशा एका थिंक टँकचं, म्हणजे सरकारी धोरणांचा अभ्यास करून खुल्या बाजाराची बाजू मांडणाऱ्या संस्थेचं, न्यूजलेटर तुम्हाला दर आठवड्याला येतं, त्यांच्या एकदोन कार्यक्रमांनाही जाऊन आलात, बोलणारी माणसं अभ्यासू वाटली, पण घरी आल्यावर मनात आलं की ही मंडळी शेवटी उद्योगपतींचीच बाजू मांडत नाहीत ना. मी अशाच एका छोट्या संस्थेत तीन वर्षं काम केलंय, नाव लिहीत नाही. माझं काम म्हणजे इंग्रजी पॉलिसी ब्रीफ, म्हणजे एखाद्या धोरणावरची छोटी टिपणं, मराठीत आणायचे, पेपरवाल्यांसाठी प्रेस नोट तयार करायची आणि कार्यक्रम असला की हॉल बुक करण्यापासून पाहुण्यांना स्टेशनवर घ्यायला जाण्यापर्यंत सगळं. त्यामुळे आतून जे दिसलं ते सांगतो, थोडं लांबेल.

आधी माझी बाजू सांगून टाकतो म्हणजे तुम्हाला त्या हिशोबाने वाचता येईल. मी खुल्या बाजाराच्याच बाजूचा आहे, आजही. आमचं घर नाशिक जिल्ह्यातलं, कांद्याचं. आमच्याकडे हा विचार कुठल्या इंग्रजी रिपोर्टमधून आला नाही, शरद जोशींच्या सभांमधून आला. १९७९ ला शेतकरी संघटना उभी राहिली, ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पिढीने घसा फोडून दिलीय. सरकार सबसिडी देतं असं सगळे म्हणतात पण भाव पाडून त्याच्यापेक्षा जास्त काढून घेतं, म्हणजे ती उणे सबसिडी, हे गणित गावातल्या चौथी शिकलेल्या माणसालाही समजलेलं होतं. त्यामुळे ‘मुक्त बाजार म्हणजे श्रीमंतांचं काहीतरी’ असं कोणी म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं.

भारतात या संस्था नव्या नाहीत. १९५६ साली, दुसरी पंचवार्षिक योजना सुरू होत होती, आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं, त्याच वर्षी मुंबईत अर्थतज्ज्ञ ए. डी. श्रॉफ यांनी फोरम ऑफ फ्री एंटरप्राइझ काढलं. त्यावेळी सरकारी नियोजनाच्या विरोधात बोलणं म्हणजे प्रवाहाच्या उलट पोहणं होतं. फोरम काय करायचं, तर छोट्या छोट्या पुस्तिका छापायच्या आणि व्याख्यानं ठेवायची, बस. त्यातूनच नामवंत वकील नानी पालखीवालांची बजेटवरची भाषणं वाढत गेली, एका हॉटेलच्या हॉलमध्ये सुरू झालेली ती व्याख्यानं पुढे ब्रेबॉर्न स्टेडियमवर न्यावी लागली इतके लोक यायचे. करांवरचं भाषण ऐकायला स्टेडियम भरतं हे आज खरं वाटणार नाही, पण १९७३-७४ मध्ये प्राप्तिकराचा वरचा दर सरचार्ज धरून ९७.७५ टक्के होता, म्हणजे वरच्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये माणसाच्या हातात, तेव्हा याच्यावर कोणीतरी आकडे मांडून जाहीर बोलतंय याची लोकांना किती गरज वाटली असेल. अलीकडचं उदाहरण हवं तर १९९७ ला दिल्लीत सुरू झालेलं सेंटर फॉर सिव्हिल सोसायटी. त्यांनी बरीच मेहनत फेरीवाले, रिक्षावाले अशांच्या लायसन्सवर घेतली. फेरीवाल्यांचा २०१४ चा कायदा व्हावा म्हणून जोर लावणाऱ्यांत फेरीवाल्यांच्या संघटना पुढे होत्याच, पण ही खुल्या बाजारवाली मंडळीही त्यांच्या बाजूने होती, कारण परवान्याचा जाच सगळ्यात जास्त हातगाडीवाल्याला होतो, मोठ्या कंपनीला परवाना काढायला माणूस ठेवता येतो. तेव्हा ‘उद्योगपतींची बाजू’ हे सरसकट लावता येत नाही.

आता रोजचं काम. न्यूजलेटरमध्ये तुम्हाला साधारण तीन गोष्टी दिसतात, बातम्या, कार्यक्रम आणि कॉमेंटरी. बातम्या म्हणजे बहुतेक संस्थेचीच बातमी असते, अमुक पेपरात आमचा लेख आला, तमुक समितीला आम्ही निवेदन दिलं. ते वाचून सोडून द्या. कार्यक्रमाबद्दल एकच सांगतो, पॅनेलवर चौघे बसलेत आणि चौघांचं एकमत आहे असं असेल तर तुम्ही नवीन काही ऐकून येणार नाही. आमच्याकडे एकदा किमान आधारभूत किंमतीवर कार्यक्रम होता, त्यात कायद्याने हमीभाव मागणाऱ्या एका कार्यकर्त्यालाही बोलावलं होतं, आमचे संशोधक त्यांच्यापुढे दोनदा अडकले, साठवणुकीच्या मुद्द्यावर आमच्या संशोधकांकडे उत्तरच नव्हतं. नंतर ब्रीफमधला तो भाग पूर्ण नव्याने लिहिला गेला आणि माझ्या तीन वर्षांतला तो सगळ्यात चांगला ब्रीफ झाला.

कॉमेंटरीचं मात्र नीट समजून घ्या. बजेटच्या दिवशी सकाळी ११ ला भाषण सुरू होतं आणि दुपारी १ पर्यंत चॅनेलला, पेपरांना प्रतिक्रिया हवी असते. ती प्रतिक्रिया आदल्या रात्रीच लिहिलेली असायची, मीच लिहायचो, वित्तीय तुटीचा आकडा, भांडवली खर्चाचा आकडा अशा जागा मोकळ्या ठेवून. भाषण ऐकत आकडे भरायचे, दोन विशेषणं बदलायची आणि पाठवायचं. यात लबाडी काही नाही, सगळेच असं करतात, पण त्याला अभ्यास म्हणता येणार नाही. खरी गोष्ट असते फायनान्स बिलात, म्हणजे बजेटमधले करबदल कायद्यात आणणाऱ्या विधेयकात, आणि कस्टम्सच्या याद्यांमध्ये, कुठल्या मालावरचं आयात शुल्क गुपचूप वाढलं ते भाषणात सहसा येत नाही. म्हणून बजेटच्या दिवशीची प्रतिक्रिया वाचू नका, चारपाच दिवसांनी जे येतं ते वाचा. पालखीवालाही बजेट पूर्ण वाचून मग काही दिवसांनी बोलायचे.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो, विश्वास किती ठेवायचा. यासाठी मला दोन प्रसंग सांगावे लागतील.

पहिला डिसेंबर २०२३ चा. त्या वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं होतं, ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य लावलं, म्हणजे त्याहून कमी भावाने बाहेर विकायचा नाही, आणि ७ डिसेंबरच्या रात्री थेट निर्यातबंदीचं नोटिफिकेशन निघालं, ३१ मार्च २०२४ पर्यंत. ८ तारखेला सकाळी नानांचा ट्रॅक्टर बाजार समितीच्या गेटबाहेर रांगेत होता, ट्रॉलीत लाल कांदा. लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा कांदाचाळीत भरून ठेवता येत नाही, तो टिकत नाही, काढला की विकायचा. लिलाव सुरू झाला आणि पहिल्या काही वाहनांची बोली ऐकूनच लोकांनी तो बंद पाडला. नानांचा मला फोन आला, मागे गलका चालू होता, ते एवढंच म्हणाले, “काल निघालो असतो तर झालं असतं रे.” ट्रॉली परत घरी आणली, ताडपत्री काढून कांदा ओट्यावर पसरला, आणि आई दोन दिवस त्यातला दबलेला, ओला झालेला कांदा वेगळा काढत बसली होती.

त्या रात्री आमच्या ऑफिसात साडेअकरापर्यंत दिवे चालू होते. आमच्या डायरेक्टर मॅडम स्वतः बसल्या, म्हणाल्या उद्या सकाळच्या आत हे गेलं पाहिजे. निर्यात बंद केली की आज शहरातला भाव पडतो, पण शेतकरी पुढच्या हंगामात लागवड कमी करतो, मग माल कमी येतो, भाव परत चढतो आणि सरकार परत बंदी घालतं, शिवाय बाहेरचा गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या देशाकडे वळला की सहज परत येत नाही, हे सगळं साध्या भाषेत चारशे शब्दांत लिहिलं. मराठीत मी केलं. लिहिताना हात थरथरत होता हे खरं सांगतो, कारण ते आमच्या घराबद्दल होतं. पुढे मार्चमध्ये बंदीची मुदत वाढवली आणि ४ मे २०२४ ला ती उठली, तीही ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून, पण तोपर्यंत आमचा लाल कांदा केव्हाच मातीमोल भावाने गेलेला होता. आमच्या त्या लेखाने काही फरक पडला असं मी म्हणणार नाही, पण आपल्या बाजूने कोणीतरी नीट मांडलं एवढं नानांना बरं वाटलं, तो पेपर त्यांनी जपून ठेवलाय.

दुसरा प्रसंग त्यानंतर काही महिन्यांनी. एका औद्योगिक मालावर आयात शुल्क वाढवावं अशी तो माल बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांची मागणी चालली होती. तो माल विकत घेऊन पुढे वस्तू बनवणारे छोटे वर्कशॉपवाले आमच्याकडे आले, चार जण होते, त्यातल्या एकाने पिशवीतून दोन वर्षांची बिलं काढून टेबलावर मांडली आणि शुल्क वाढलं तर माझ्या एका पार्टवर किती रुपये चढतात हे पेन्सिलीने लिहून दाखवलं. आमच्या एका तरुण संशोधकाने दीड महिन्यात उत्तम ब्रीफ तयार केला. मुद्दा तोच होता हो, अगदी कांद्याचाच, फक्त उलट्या दिशेने, सरकारने सीमेवर दार लावलं की आत कोणाचं तरी नुकसान होतंच. मी मराठीही करून ठेवलं. आणि तो ब्रीफ निघालाच नाही. कोणी कधी म्हणालं नाही की काढायचा नाही. आधी म्हणाले आकडे परत तपासू, मग म्हणाले एक बाहेरचा माणूस वाचू दे, मग निवडणूक, मग बजेट, मग म्हणाले आता शुल्क वाढलंच आहे, आता काढून काय उपयोग. त्या मागणी करणाऱ्यांपैकी एक कंपनी आमची देणगीदार होती हे मला वार्षिक अहवालात नंतर दिसलं. त्या वर्कशॉपवाल्याचा मला तीनदा फोन आला, तिसऱ्यांदा मी उचलला नाही, ते अजून मनाला लागतं. थोड्या दिवसांनी मी काम सोडलं.

तर माझं मत हे आहे. अशा संस्था खोटं फारसं लिहीत नाहीत. आकडे बहुतेक बरोबर असतात, तर्क चांगला असतो, माणसं मनापासून काम करतात, आमच्या मॅडम आजही मला आदरणीय आहेत. गडबड होते ती गप्प बसण्यात. कांद्यावर एका रात्रीत बोलणारी संस्था दुसऱ्या एका मालावर वर्षभर बोलत नाही आणि तुम्हाला वाचक म्हणून हे कधी कळतच नाही, कारण न आलेला रिपोर्ट दिसत नाही. ही गोष्ट डाव्या, उजव्या, सरकारी, सगळ्याच थिंक टँकना लागू आहे, पण खुल्या बाजारवाल्यांना जास्त जपावं लागतं, कारण बाजाराच्या बाजूने असणं आणि बाजारात आधीच बसलेल्या कंपनीच्या बाजूने असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि पैसे देणारा बऱ्याचदा ती आधीच बसलेली कंपनी असतो. तिला स्पर्धा नको असते, तिला शुल्क हवं असतं, परवाना दुसऱ्याला मिळायला नको असतो.

त्यामुळे त्यांचा एखादा रिपोर्ट पटला की नाही एवढ्यावर ठरवू नका. मागच्या दोन वर्षांचं न्यूजलेटर काढा आणि बघा की त्यांनी शेतकऱ्याच्या निर्यातीवर लिहिलंय तसं उद्योगांना मिळणाऱ्या आयात शुल्काच्या संरक्षणावर लिहिलंय का, फेरीवाल्याच्या परवान्यावर लिहिलंय का, बुडीत कंपनीला सरकारने वाचवू नये असं कधी म्हटलंय का. वेबसाईटवर वार्षिक अहवाल असतो, त्यात देणगीदारांची नावं आहेत का बघा, नुसतं ‘शुभचिंतक’ असं लिहिलं असेल तर मेल करून विचारा. दर वेळी आवडणारं उत्तर येईल असं नाही, पण उत्तर येतं की नाही हेही बरंच सांगून जातं.

आणि पुढच्या कार्यक्रमाला जाल तेव्हा प्रश्नोत्तरात उभं राहून सरळ विचारा की गेल्या वर्षी तुमच्या स्वतःच्या देणगीदाराला न आवडणारी कुठली भूमिका तुम्ही छापली. रागाने नको, खरंच जाणून घ्यायचंय अशा सुरात विचारा. मी तिथे असताना तीन वर्षांत हा प्रश्न आम्हाला एकाही माणसाने विचारला नाही, आणि विचारला असता तर तो ब्रीफ निघाला असता असं मला अजून वाटतं.