सहावा महिना, कंबर आणि तोंडावर आलेली लावणी

प्रश्न : मला सहावा महिना लागलाय, पहिलंच बाळंतपण. आमचं घर पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेच्या, अगदी वरच्या टोकाला. दोन आठवड्यांपासून कंबरेच्या खाली, उजवीकडच्या खळीपाशी दुखतं. पायऱ्या चढताना कळ येते आणि रात्री कूस बदलताना तर जीव जातो. डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफी ठीक आहे म्हणाले. सासूबाई म्हणतात, "आमका काय पोरां झाली नाय?" त्या वाईट नाहीत, पण लावणी आलीय आणि माणसं कमी आहेत. मी पूर्ण झोपून राहू का? घरात कंबरदुखीच्या जुन्या गोळ्या आहेत, त्या चालतील का?
– एक वाचक, ता. मालवण

उत्तर : माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून तू म्हणते. आधी गोळ्यांचं. त्या घेऊ नकोस. कंबरदुखीच्या गोळ्यांत बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक नाहीतर आयब्युप्रोफेन असतं. 20 आठवड्यांनंतर त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. पॅरासिटामॉल चालतं, पण तेही डॉक्टरांना विचारून. दुखऱ्या जागी लावायच्या मलमांतही डायक्लोफेनॅक असतं, तेव्हा ट्यूबवरचं वाचल्याशिवाय लावू नकोस.

तू लिहिलंयस त्यावरून दुखणं मणक्यापेक्षा माकडहाडाच्या वरचं हाड आणि कटीचं हाड जुळतं त्या सांध्याचं वाटतं. गरोदरपणात संप्रेरकांमुळे सांध्यांना धरून ठेवणारे बंध सैल होतात, बाळाला वाट मिळावी म्हणून. त्यात पोट पुढे येतं, तोल सावरायला कंबर आत वळते आणि पोटाचे स्नायू ताणले गेल्याने त्यांचा आधार कमी होतो. एका पायावर भार आला, मग ती पायरी असो की कूस बदलणं, की तो सैल सांधा बोलायला लागतो. निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना कंबरदुखी होते. सासूबाईंनाही झाली असणार, त्यांना कुणी विचारलं नसेल इतकंच.

मी स्वतः फिजिओथेरपिस्ट. तरी माझ्या वेळी सातव्या महिन्यात कूस बदलताना रडले होते. पुस्तकातलं सगळं पाठ होतं, पण रात्री दोन वाजता आठवलं काहीच नाही. आजीने जुनी वाकळ गुंडाळली आणि माझ्या दोन्ही गुडघ्यांच्या मधे सारली. "आता वळ, पण पाय सोडू नको." तेच तुला सांगते. कुशीवर झोप, शक्यतो डाव्या. गुडघे वाकवून मधे उशी, पोटाखालीही एक पातळ घडी. वळायचं तेव्हा गुडघे घट्ट जुळवून खांदे, कंबर, पाय एकदम वळव, ओंडका फिरवतात तसं. उठताना आधी कुशीवर हो, पाय खाली सोड आणि हाताच्या आधाराने बस. जमिनीवर अंथरूण असेल तर हे अवघड जाईल, निदान हे चार महिने खाटेवर झोप.

लावणीला जाऊ नकोस. तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढायलाही नाही. चिखलात तासन्‌तास कंबरेतून वाकून मागे मागे सरकायचं, हे या सांध्याला सर्वांत वाईट. शिवाय पाय घसरला तर? आणि आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टो असतो, म्हणजे उंदीर-गुरांच्या लघवीतून पसरणारा ताप, पायाला चीर असेल तर शेतातल्या पाण्यातूनच तो शिरतो. वाडीत कुणाकडून सावड, म्हणजे कामाच्या बदल्यात काम, यायची बाकी असेल, तर ती यंदा मागून घ्या.

पण झोपूनही राहू नकोस. पडून राहिलं की स्नायू आखडतात आणि दुखणं वाढतं. घरातली कामं कर, फक्त ती वर आण. मोरलीवर (विळीवर) बसून मासे साफ करणं बंद, ओट्यावर सुरी घे. खळं सारवणं दुसऱ्या कुणाला दे. विहिरीवरून एक मोठी कळशी कमरेवर घेऊन येण्यापेक्षा दोन हातांत दोन छोट्या बादल्या बऱ्या, आणि रहाट ओढायला नवऱ्याला सांग. पाखाडी दिवसातून एकदाच, पायरीवर दोन्ही पाय टेकवून मगच पुढची. शेवाळ धरलं असेल तर त्या दिवशी जाऊच नकोस. स्कूटरवरून खड्ड्यांतून जाणंही टाळ.

व्यायाम एकच सांगते, कारण दहा सांगितले तर एकही होत नाही. सतरंजीवर हात-गुडघे टेकून चौपायावर ये. श्वास सोडत पाठ मांजरासारखी वर उचल, मग हळूच सरळ कर. खाली झोल पडू द्यायचा नाही. सकाळ-संध्याकाळ दहा वेळा, दुखलं की थांब. शेक कंबरेवर 10-15 मिनिटं, सोसेल इतकाच, पोटावर नाही. खोबरेल कोमट करून हलक्या हाताने चोळायला हरकत नाही, पण कुणी "जागा बसवून देते" म्हणत गुडघ्याने दाबायला आली तर तिला चहा देऊन परत पाठव. पोटाखालून बांधायचा पट्टा काही जणींना मानवतो. डॉक्टरांना दाखवून घे.

एवढं करूनही पुढचं काही झालं तर मात्र ही कंबरदुखी समजू नकोस : दुखणं ठरावीक वेळाने येतंय, पोट कडक होतंय, रक्त किंवा पाणी जातंय, ताप आहे, लघवीला जळजळतंय, पाय बधिर पडतोय किंवा लघवीवर ताबा राहत नाही, किंवा बाळाची हालचाल कमी जाणवतेय. रात्र असो, पाऊस असो, 108 ला फोन कर आणि निघ. पावसाळ्यात तापासोबत पोटऱ्या दुखल्या तर डॉक्टरांना लेप्टोचं नाव तूच काढ.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. या खेपेला सासूबाईंना सोबत ने. लावणीबद्दल डॉक्टर त्यांच्यासमोर बोलले तर घरी तुला काही बोलावं लागणार नाही. आणि पाखाडी उतरताना हात धरायला कुणीतरी लागेलच.