वाचकांचे प्रश्न : कुंडीतली ब्राह्मी

प्रश्न : आम्ही रोपवाटिकेतून ब्राह्मी म्हणून आणलेल्या रोपाची पाने गोल, कातरलेल्या कडांची आहेत. शेजारच्या काकूंच्या मते ही ब्राह्मी नव्हेच. हिची निगा कशी राखावी? मुलगी यंदा दहावीला आहे आणि सासूबाईंना झोप लागत नाही. त्या दोघींना ही पाने देता येतील का? सासूबाईंना थायरॉइडची आणि झोपेची गोळी चालू आहे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपल्या वर्णनावरून ही मंडूकपर्णी, म्हणजेच कारिवणा दिसते. हिचे प्रत्येक पान लांब देठावर उभे असते आणि जमिनीवर पसरणाऱ्या धुमाऱ्यांना पेरापेराशी मुळे फुटतात. ब्राह्मी याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या वनस्पतीची, म्हणजे नीरब्राह्मीची पाने मात्र लहान, मांसल, जवळपास बिनदेठाची आणि समोरासमोर जोडीने येतात, चवीला चांगलीच कडू असतात आणि तिला पांढरी किंवा फिकट जांभळी फुले येतात. तरीही आपली फसवणूक झाली असे मी म्हणणार नाही, कारण चरकसंहितेने सांगितलेल्या चार मेध्य, म्हणजे बुद्धीला हितकर, रसायनांत यष्टिमधु, गुडूची आणि शंखपुष्पी यांच्याबरोबर मंडूकपर्णीच आहे.

तिला खोल कुंडी लागत नाही. सहा ते आठ इंच खोलीची पसरट कुंडी, त्यात बागेची माती आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत पुरते. सकाळचे कोवळे ऊन मिळावे, परंतु एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या उन्हापासून तिला आडोसा द्यावा, नाहीतर पाने कडेने करपतात. माती सतत ओलसर हवी. नीरब्राह्मी लावल्यास तिला याहूनही अधिक ओल मानवते, म्हणून काहीजण कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवतात. ती दर दोन-तीन दिवसांनी रिकामी करून घासावी, कारण डेंग्यूचे डास अशाच पाण्यात वाढतात. खाण्यासाठी पाने घ्यायची असतील तर कीटकनाशक मारू नये, आणि नवे रोप आणल्यावर आधीची पाने काढून टाकून नंतर फुटलेलीच वापरावीत.

वापर स्वयंपाकापुरता ठेवलेला बरा. मूठभर पानांची ओले खोबरे, हिरवी मिरची आणि जिरे घालून चटणी छान होते; किनारी कर्नाटकात हिची ताकातली तंबळी करतात. तेल करायचे असल्यास पानांचा रस खोबरेल तेलात मंद आचेवर कढवून, चुरचुर पूर्ण थांबल्यावरच उतरवावे, कारण पाण्याचा अंश राहिला की तेल लवकर खराब होते. या तेलाने डोके शांत वाटते ते खरे, पण त्यातले बरेचसे श्रेय चोळणाऱ्या हाताला द्यावे, असे माझे मत आहे.

मुलीच्या परीक्षेबाबत फार आशा बाळगू नये. स्मरणशक्तीवरचे बरेच अभ्यास नीरब्राह्मीच्या प्रमाणित अर्कावर, साधारण 12 आठवडे रोज देऊन झालेले आहेत. त्यांचे निष्कर्ष मंडूकपर्णीच्या चटणीला लावता येत नाहीत. ऐन परीक्षेच्या आठवड्यात तर पोटाला सवय नसलेले काहीही नवे देऊ नये. सासूबाईंना मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय रस, चूर्ण किंवा कॅप्सूल देऊ नये, कारण झोपेच्या गोळीबरोबर गुंगी वाढू शकते. आणि चालू गोळी आपल्या मनाने बंद करणे त्याहून वाईट. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि यकृताचा आजार असलेल्यांनीही ती औषध म्हणून घेऊ नये.

प्रश्न : आमच्या शेताजवळच्या ओढ्याकाठी नीरब्राह्मी भरपूर आहे. ती धुऊन वापरली तर चालेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ओढ्यात गावाचे सांडपाणी किंवा कारखान्याचे पाणी मिसळत असेल तर अजिबात नको. ही वनस्पती पाण्यातले आणि चिखलातले शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू शोषून घेते, आणि पेशींत साठलेला धातू धुतल्याने जात नाही. स्वच्छ जागेतल्या वेलाचे बोटभर लांबीचे तुकडे आणून, निदान एक पेर मातीत जाईल असे कुंडीत खोचावेत.