संधिवादी, करारवादी की तहाच्या बाजूचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आयर्लंडच्या यादवीवरचा एक लेख कुणीतरी मराठीत आणतंय, त्यात १९२१ च्या इंग्रज-आयरिश तहावरून जे दोन गट पडले त्यांना इंग्रजीत 'प्रो-ट्रीटी' आणि 'अँटी-ट्रीटी' म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणायचं? त्यांनी आधी लिहिलं होतं 'संधिवादी गट मवाळ होता तर संधिविरोधी गट जहाल होता'. ते वाचून एका मित्राने 'करारवादी' सुचवलं, दुसऱ्याने 'तहवादी', आणि तिसरा म्हणाला की तह फारसी आणि वादी संस्कृत, असा खिचडी समास चालणार नाही. आता कुणाचं ऐकू?

पहिलं काम म्हणजे 'संधिवादी' खोडा. हिंदीत संधि म्हणजे तह हे बरोबर, संस्कृतातही तेच, राजनीतीच्या सहा गुणांत संधी आणि विग्रह ही जोडी पहिलीच येते. पण मराठीत सुटा 'संधी' शब्द उच्चारला की माणसाला चान्सच आठवतो, संधी मिळाली, संधी हुकली, संधीचं सोनं केलं. त्यामुळे 'संधिवादी' वाचणारा नव्वद टक्के वेळा 'संधिसाधू' असं समजणार आणि तहाच्या बाजूचा पुढारी असलेल्या बिचाऱ्या मायकेल कॉलिन्सवर तुम्ही नकळत आरोप करून मोकळे होणार. 'संधिविरोधी' तर त्याहून विनोदी, म्हणजे ज्याला कुठलाच चान्स नको असा माणूस. जुना अर्थ मराठीत पूर्ण मेला असं नाही हां, तो समासात जिवंत आहे. शस्त्रसंधी आपण रोज पेपरात वाचतो आणि तिथे कुणाला 'शस्त्रांचा चान्स' वाटत नाही. तेव्हा तुमच्या लेखात ११ जुलै १९२१ ला इंग्रजांशी चाललेली जी लढाई थांबली तिला खुशाल शस्त्रसंधी म्हणा. पण पुढे डिसेंबरात जो कागद सही झाला तो संधी नाही.

मग करार की तह? इथे मजा आहे. 'युद्धानंतर होतो तो तह, एरवी होतो तो करार' असं आपल्याला वाटतं, मलाही बरीच वर्षं वाटायचं, पण उदाहरणं मांडली की हा नियम फसतो. पुरंदरचा तह, सालबाईचा तह, वसईचा तह, व्हर्सायचा तह इथपर्यंत ठीक. पण १९६६ चा ताश्कंद करार आणि १९७२ चा सिमला करार हे दोन्ही युद्धानंतरचेच की, तरी त्यांना कुणी तह म्हणत नाही. उलट १९१६ चा लखनौ करार, १९३१ चा गांधी-आयर्विन करार, १९३२ चा पुणे करार, यांत बंदुका नव्हत्याच. माझं मत असं की फरक युद्धाचा कमी आणि काळाचा जास्त आहे. साधारण दुसऱ्या महायुद्धानंतर मराठीत नवे तह जन्माला येणं जवळजवळ बंद झालं, नवीन सगळे करारच. तह हा शब्द म्हातारा झाला, इतिहासाच्या पुस्तकात जाऊन बसला आणि घरगुती भांडणात राहिला, नवराबायकोचा तह झाला वगैरे. १९२१ हे साल या दोन्हीच्या सीमेवर येतं म्हणून तुमचं अडतंय.

मी तह घेईन. एक तर इथे खरंच अडीच वर्षांची लढाई झाली होती. शिवाय करार हा शब्द आता फार पसरट झालाय, भाडेकरार, विवाहकरार, कंपनीचा करार, क्रिकेटपटूचा वार्षिक करार, त्यामुळे 'करारविरोधी गट' वाचून कामगार संघटनेची बातमी वाटते. (अवांतर: करारी माणूस म्हणजे ठाम, न वाकणारा. हा करारी त्याच करारातला, मूळ अर्थ स्थिरता, ठरलेपण. म्हणजे आयर्लंडमध्ये करार नाकारणारेच जास्त करारी होते असं वाक्य तुम्हाला फुकटात मिळतं, पण प्लीज वापरू नका.) आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे मराठीत तह या शब्दामागे एक सल आहे, 'युद्धात जिंकले आणि तहात हरले'. आयर्लंडचं अख्खं भांडण याच वाक्यावर होतं हो! आपण लंडनला जाऊन तहात हरलो की जे मिळालं ते घेऊन पुढची लढाई लढायची, एवढाच प्रश्न. दुसरी भाषा असती तर हे समजावायला परिच्छेद लागला असता, मराठीत तह म्हटलं की वाचक आपोआप तिथे पोचतो. यावर कुणी म्हणेल की मग शब्दच विरोधकांच्या बाजूला झुकलाय. थोडा झुकलाय, मान्य. पण पुरंदरचा तहही आहेच ना आपल्याकडे, १६६५ ला २३ किल्ले देऊन केलेला, आणि पाच वर्षांत त्यातले किल्ले परत घ्यायला सुरुवात झाली. तहात हरणं आणि तहानंतर उठणं, दोन्ही आठवणी त्याच शब्दात आहेत.

आता '-वादी'. याच्यावर माझा जरा राग आहे कारण हल्ली कशालाही वादी लावतात. वादी म्हटलं की तत्त्वज्ञान आलं, समाजवादी, गांधीवादी, बुद्धिवादी. 'तहवादी' म्हणजे तह ही गोष्टच ज्याला तत्त्वतः आवडते असा माणूस. कॉलिन्सला तह आवडत नव्हता. त्याचं म्हणणं होतं की यातून अंतिम स्वातंत्र्य मिळत नाही, पण ते मिळवायची मोकळीक मिळते. पण मी फार ताणून धरणार नाही, कारण आपल्याच इतिहासात एक पक्का दाखला उलटा आहे, फेरवादी आणि नाफेरवादी! १९२२ च्या गया काँग्रेसमध्ये कायदेमंडळावरचा बहिष्कार उठवायचा का यावरून फूट पडली, चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू फेरवादी, राजगोपालाचारी नाफेरवादी. एकाच ठरावापुरता वाद, तरी शब्द रुळले आणि काय सुंदर रुळले, त्यातला 'ना' तर लाजवाब. योगायोग बघा, साल तेच १९२२, आणि मुद्दाही चुलतभावासारखा, म्हणजे साम्राज्याने बांधलेल्या सभागृहात पाऊल टाकायचं की नाही. तेव्हा 'तहवादी' अगदी चूक असं म्हणता येणार नाही, मला फक्त त्याहून बरं सुचतंय. नाफेरवादीच्या धर्तीवर 'नातहवादी' मात्र नको, जीभ अडखळते.

त्याहून बरं म्हणजे साधं, 'तहाच्या बाजूचे' आणि 'तहविरोधी'. दोन्ही शब्द एका साच्यातले हवेत हा इंग्रजीचा आग्रह, मराठीला त्याची गरज नाही. चा-ची-चे लावून आपलं काम भागतं, 'तहाच्या बाजूचे आमदार', 'तहविरोधी तुकड्या', आणि नाम हवं असेल तर तहसमर्थक, तहविरोधक. मथळ्यात जागा कमी असेल तर 'तहवाले' पण चालेल, बोलीत तर मी तेच म्हणेन. हायफन नको. आणि खिचडी समासाची काळजी करणाऱ्या मित्राला विचारा, तो जिल्हाधिकाऱ्यांना काय म्हणतो? जिल्हा अरबी, अधिकारी संस्कृत. करारबद्ध पण तसाच. भाषेला सोवळं नसतं.

आता तुमच्या वाक्यातला खरा गोंधळ, म्हणजे 'मवाळ' आणि 'जहाल'. हे शब्द आपल्या डोक्यात १९०७ च्या सुरत काँग्रेसशी बांधलेले आहेत, मवाळ म्हणजे अर्ज-विनंत्यावाले, जहाल म्हणजे चळवळवाले. आयर्लंडमध्ये तहाच्या बाजूने कोण? ज्याने गनिमी काव्याने इंग्रजांना जेरीस आणलं तो कॉलिन्स, आणि शिन फेन या स्वातंत्र्यवादी पक्षाचा संस्थापक आर्थर ग्रिफिथ. यांना मवाळ म्हणणं म्हणजे कमाल आहे. दोन्ही गट कालपर्यंत एकाच पक्षात होते, एकाच सैन्यात होते. फार तर असं म्हणा की तहवाल्यांची भूमिका टिळकांच्या 'प्रतियोगी सहकारिते'च्या जवळची होती, मिळालं ते घ्या आणि उरलेल्यासाठी भांडा. टिळक हे बोलले १९१९ च्या अमृतसर काँग्रेसच्या वेळी, आणि त्यांना मवाळ म्हणायची कुणाची हिंमत नव्हती.

दुसऱ्या बाजूलाही एक बारकावा आहे. तहविरोधकांचा पुढारी एमन डी व्हॅलेरा, त्याला 'तहविरोधी' म्हटलं की वाटतं त्याला तहच नको होता. तसं नाही, त्याला *हा* तह नको होता. त्याने स्वतःचा पर्यायी मसुदा आणला होता, 'दुसरा मसुदा' म्हणून तो प्रसिद्ध आहे, त्यात राजाशी फक्त बाहेरून संबंध ठेवायची कल्पना होती. पण सैन्यातल्या कितीतरी तहविरोधकांना तोही मसुदा मान्य नव्हता, त्यांना प्रजासत्ताकच पाहिजे होतं. म्हणजे गट दोन पण मनं तीन-चार. हे तिथेच होतं असंही नाही, अमेरिकेच्या सिनेटने व्हर्सायचा तह १९१९ मध्ये आणि परत १९२० मध्ये फेटाळला तेव्हाही कट्टर नकारवाले वेगळे होते आणि 'आमच्या अटी घाला मग मंजूर करतो' म्हणणारे हेन्री कॅबट लॉजसारखे वेगळे. या दुसऱ्या प्रकाराला मराठीत 'अटी घालून मान्य करणारे' असंच म्हणावं, सशर्तस्वीकारवादी वगैरे बनवू नये, वाचताना दम लागतो.

आणि आणखी एक, तुम्ही कंसात 'फाळणी मान्य करणारे व न करणारे' असं लिहिलंय ते काढाच. आयर्लंडच्या फाळणीवर तहाच्या चर्चेत तुलनेने कमीच बोलणं झालं, रणं पेटली ती शपथेवरून. नव्या राज्याच्या घटनेशी निष्ठा आणि पाचव्या जॉर्ज राजाशी प्रामाणिक राहण्याची शपथ सभासदांनी घ्यायची होती, आणि दर्जा कॅनडासारखा, ज्याला आपल्या जुन्या पेपरांत 'वसाहतीचं स्वराज्य' म्हणायचे. हा शब्द जरूर वापरा, 'अधिराज्य दर्जा'पेक्षा शंभरपट बोलका आहे.

आता क्रियापदं, याच्याकडे कुणी बघत नाही आणि सगळा पक्षपात तिथूनच आत शिरतो. तह *नाकारला*, तह *फेटाळला*, तह *झुगारला*, तह *मोडला*, चारही वेगळे. नाकारणं बांधून घ्यायच्या आधीचं. फेटाळणं सभागृहाचं, मतदान करून. झुगारणं म्हणजे मानेवर बसलेलं जू फेकणं, आणि मोडणं म्हणजे दिलेला शब्द न पाळणं. ६ डिसेंबर १९२१ ला लंडनमध्ये सह्या झाल्या, ७ जानेवारी १९२२ ला डॉलने, म्हणजे आयरिश प्रतिनिधीगृहाने, ६४ विरुद्ध ५७ मतांनी तो मंजूर केला. त्यानंतर जे विरोधात राहिले त्यांनी तह 'मोडला' असं लिहिलंत तर तुम्ही सरकारी बाजूने बोलताय, कारण विरोधकांचं म्हणणंच हे की आम्ही प्रजासत्ताकाची शपथ घेतलीय, या तहाने आम्ही बांधले गेलोच नाही. 'झुगारला' लिहिलंत तर तुम्ही त्यांना नायक केलंत. 'मान्य केला नाही' हे कंटाळवाणं आहे पण प्रामाणिक आहे. जुनी मराठी असंच बोलायची. वसईचा तह बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ ला केला, शिंदे-भोसल्यांनी तो मानला नाही आणि १८०३ चं युद्ध झालं, पण कुणी त्यांना 'वसईतहविरोधी' म्हटलं नाही. तह कबूल नव्हता, बस, एका क्रियापदात काम तमाम.

सह्या आणि मंजुरी यांतही घोळ करू नका. लंडनला गेलेल्या पाच जणांना सही करायचा अधिकार दिलेला होता आणि त्याच वेळी सहीआधी डब्लिनला विचारा अशीही सूचना होती, नंतरची अर्धी शिवीगाळ यावरच. इथे 'प्रतिनिधी' पुळचट वाटतं, 'मुखत्यार' लिहा, मुखत्यारपत्र आजही सगळ्यांना कळतं. पेशवाईतला शब्द वकील होता पण आज तो वापरलात तर वाचक कोर्टात जाईल. आणि डॉलच्या मतदानाला 'शिक्कामोर्तब' म्हणायला हरकत नाही, जरी ब्रिटिश बाजूची मंजुरी आणि कायदा वगैरे सोपस्कार वेगळे असले तरी.

राहता राहिलं ते 'इर्रेग्युलर्स', ज्याचं तुम्ही 'अनियमित सैनिक' केलंय. कामावर उशिरा येणारे वाटतात. शब्दार्थाने 'बिनकवायती फौज' जवळचा आहे, पण मुळात हा शब्द तटस्थ नाहीच. १९२२ मध्ये हंगामी सरकारने पेपरवाल्यांना सांगितलं होतं की विरोधी सैन्याला हेच नाव वापरा, म्हणजे त्यांना सैन्याचा मान मिळू नये. ते स्वतःला रिपब्लिकन म्हणवत आणि समोरच्यांना 'फ्री स्टेटवाले' (तहातून होणाऱ्या नव्या राज्याचं नाव फ्री स्टेट) म्हणून हिणवत. त्यामुळे ही दोन्ही नावं अवतरणात, कुणाच्या तरी तोंडी ठेवा, निवेदनात मात्र 'तहविरोधी फौज' आणि 'सरकारी फौज'. सरकारी फौज पण जून १९२२ नंतरच, डब्लिनमधल्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीत बसलेल्या तहविरोधकांवर तोफा डागल्या तिथून. त्याआधी सरळ 'तहाच्या बाजूचे सैनिक'.

तर तुमचं वाक्य मी असं करेन: 'डॉलने तह मंजूर केला तरी डी व्हॅलेरा आणि त्याच्या साथीदारांना तो मान्य नव्हता. तहाच्या बाजूचे म्हणत होते मिळालंय ते घेऊ आणि पुढे जाऊ, तहविरोधकांना राजाची शपथ घेणं हाच प्रजासत्ताकाचा घात वाटत होता.' लेख १९२७ पर्यंत जाणार असेल तर आताच सावध करतो, त्या वर्षी डी व्हॅलेरा ती शपथ म्हणजे नुसता पोकळ उपचार आहे असं म्हणत सह्यांच्या वहीत सही करून डॉलमध्ये जाऊन बसला, त्यामुळे तिथून पुढे त्याच्या पक्षाला, म्हणजे फियाना फॉलला, नुसतं 'तहविरोधी' म्हणू नका, 'एकेकाळचे तहविरोधी' म्हणा.