पाणी तुटल्यावर झाडाच्या पेशीत काय घडतं? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

पाऊस लांबला की झाडाची जनुकं बदलतात का?

नाही. स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठाच्या आवारात २३४ वर्षांचा एक ओक आहे. त्याच्या खालच्या आणि शेंड्याकडच्या फांदीचा डीएनए संशोधकांनी ताडून पाहिला. एवढ्या उन्हापावसानंतर कोट्यवधी अक्षरांत सापडलेले फरक होते १७. तेव्हा जनुकांचा साठा जवळपास तोच राहतो. बदलतं ते वाचन, म्हणजे कोणतं जनुक कधी आणि किती काम करतं ते. २००६ मध्ये ज्याचा जनुकसंच सर्वांत आधी वाचला गेला ते झाड म्हणजे पॉपलर, आणि त्यात ४५ हजारांच्या आसपास जनुकं मोजली गेली. पाणी तुटलं की यातल्या हजारो जनुकांचं काम वाढतं किंवा मंदावतं.

झाडाला मेंदू नाही. मग पाणी कमी पडलंय हे त्याला कळतं कसं?

माती कोरडी पडू लागली की खोडातल्या पाण्याच्या धारेवर ताण येतो आणि पानांतल्या पेशी किंचित सैलावतात. हीच खूण. ती मिळताच पानात एनसीईडी नावाच्या जनुकाचं काम वाढतं आणि ॲबसिसिक आम्ल हे संप्रेरक तयार होऊ लागतं. ते मुळातूनच वर येतं असं पूर्वी शिकवत. कलमांवरच्या प्रयोगांनी पानाचा वाटा मोठा असल्याचं दाखवलं. मूळ मात्र गप्प बसत नाही. १२ अमिनो आम्लांची एक चिमुकली साखळी मुळातून पानाकडे निरोप नेते, हे जपानी संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं. (तेही अरॅबिडॉप्सिस या वीतभर रोपात. या विषयातलं बरंचसं ज्ञान आधी त्याच रोपातून आलंय, कारण झाड वाढायला फार वेळ लावतं.)

पुढची यंत्रणा मला फार देखणी वाटते. एरवी पेशीत काही प्रथिनं ब्रेक दाबून बसलेली असतात. ॲबसिसिक आम्ल आपल्या ग्राहक प्रथिनाला चिकटलं की ती जोडी जाऊन त्या ब्रेकलाच धरते. हे ग्राहक २००९ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे शोधले. ब्रेक सुटला की मोकळी झालेली विकरं दोन कामं करतात. पहिलं काही मिनिटांत होतं: पर्णरंध्राच्या, म्हणजे पानावरच्या सूक्ष्म छिद्राच्या, दोन बाजूंच्या रक्षक पेशींतले क्षार बाहेर पडतात, मागोमाग पाणी जातं आणि रंध्र मिटतं. दुसऱ्याला तास लागतात: केंद्रकातली काही प्रथिनं जागी होऊन ज्या जनुकांच्या दाराशी एसीजीटीजी ही डीएनएची अक्षरं आहेत ती उघडतात. त्यांतून पेशीची पटलं सांभाळणारी प्रथिनं आणि पाणी धरून ठेवणाऱ्या शर्करा बनू लागतात.

रंध्रं स्वतः पाहायची असतील तर पानाच्या मागच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिश लावा, वाळू द्या, चिकटपट्टीने उचला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरा. चवळीच्या दाण्यासारख्या दोन पेशी समोरासमोर दिसतील. मधली फट म्हणजे रंध्र.

एकाच जागेवरच्या दोन झाडांपैकी एक वाळतं, दुसरं तगतं. हे जनुकांमुळेच का?

नेहमी नाही. एकाचं मूळ खडकाच्या भेगेत शिरलेलं असतं, दुसऱ्याचं नसतं. पण स्वभावही असतो. अमेरिकेच्या नैऋत्येला २००२ च्या सुमाराच्या दुष्काळात पिन्यन पाइन लाखोंनी मेले. शेजारचे ज्युनिपर बहुतांश तगले. पिन्यन लवकर रंध्रं मिटतो. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, अन्न बनत नाही, आणि त्यात सालीतले भुंगेरे तुटून पडतात. सावधपणा महागात पडला.

झाडाला जुना दुष्काळ आठवतो का?

‘आठवतो’ हा शब्द जपूनच वापरावा. कॅनडात पॉपलरचे काही वाण घेतले; प्रत्येक वाणाची फांद्यांपासून वाढवलेली, म्हणजे जनुकांनी सारखीच रोपं वेगवेगळ्या ठिकाणांहून आणून एकाच खोलीत तहानलेली ठेवली (हा अभ्यास २०११ चा). त्यांची जनुकं मूळ ठिकाणानुसार वेगळी वागली. ज्या वाणाची रोपं जास्त काळ वेगवेगळ्या ठिकाणी वाढत आली होती, त्यात हा फरक ठळक होता, आणि डीएनएवर चिकटणाऱ्या मिथाइल या रासायनिक खुणाही तिथे वेगळ्या निघाल्या. अक्षरं तीच, समासातल्या खुणा निराळ्या.

‘दुष्काळाचं जनुक’ सापडल्याच्या बातम्या येतात. ते झाडात घालून मोकळं का होत नाही?

अशा मथळ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. डीआरईबी हे असंच एक नाव: एकाच वेळी अनेक जनुकं चालू करणारा मुकादम. जपानमध्ये तो अरॅबिडॉप्सिसमध्ये सतत चालू ठेवला, तेव्हा रोपं दुष्काळात टिकली, पण खुजी राहिली. १९९९ मध्ये तो फक्त ताण पडल्यावरच चालू होईल अशी सोय केली, तेव्हा वाढ बरीचशी सावरली. झाडात हे आणखी अवघड, कारण ताण सोसण्यात असंख्य जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. शिवाय लॉब्लॉली पाइनचा जनुकसंच सुमारे २२ अब्ज अक्षरांचा, माणसाच्या सातपट, आणि बराचसा पुनरावृत्तीने भरलेला.

लावणीआधी रोपांना पाण्याचा ताण दिला तर फायदा होतो का?

हलका ताण उपयोगी पडतो. शेंडा थांबतो, मुळं वाढत राहतात, पानावरचा मेणाचा थर जाडावतो. पण तो लांबवू नका. ताण अती झाला की खोडातल्या पाण्याच्या नळ्यांत हवा शिरते आणि धार तुटते. त्या नळ्या मेलेल्या पेशींच्या असतात, त्यांत केंद्रकच नाही, तेव्हा तिथे कोणतंही जनुक चालू व्हायचा प्रश्न येत नाही. नव्या नळ्या घालायच्या तर सालीखालचा जिवंत थर वाढायला हवा, आणि त्यालाही पाणीच लागतं.