एका ओळीची दुरुस्ती आणि लालहिरवी झालेली अख्खी फाइल

तुझा प्रश्न थोडक्यात असा: पायथनच्या एका प्रकल्पात एका ओळीची चूक दुरुस्त करून पुल रिक्वेस्ट (बदल मूळ प्रकल्पात घ्या ही विनंती) पाठवलीस, आणि मेंटेनरने, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याने, कोड न बघताच 'शैलीचे नियम पाळा' म्हणून परत केली. शिवाय देवगडला घरी मोबाइल डेटावर क्लोन (अख्ख्या प्रकल्पाची प्रत उतरवून घेणं) दरवेळी अर्ध्यात तुटतं. (तू अजून कॉलेजात आहेस, म्हणून अरेतुरे करतोय.)

त्याने कोड बघितला नाही असं नाही, त्याला तो दिसलाच नाही. विंडोजवर ओळीच्या शेवटी दोन अदृश्य खुणा असतात, सीआर आणि एलएफ. लिनक्सवर फक्त एलएफ. तुझ्या एडिटरने सेव्ह करताना त्या बदलल्या, की गिटच्या, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या, लेखी प्रत्येक ओळ नवी, आणि अख्खी फाइल लालहिरवी. गिट डिफला (बदल दाखवणारी आज्ञा) 'डॅश डब्ल्यू' लावून बघ. मोकळ्या जागांचे फरक गाळून तुझी ओळ तेवढी उरली, तर दोष तिथेच. तरीही ढीगभर बदल दिसले, तर सेव्हबरोबर कोडची मांडणी आपोआप बदलणारा फॉरमॅटर चालू आहे, तो बंद कर.

मग मूळ शाखेतली फाइल परत आण, एडिटर एलएफवर ठेव, ती एकच ओळ बदल, कमिट अमेंड कर (म्हणजे आधीची नोंदच सुधार) आणि त्याच शाखेवर 'फोर्स विथ लीज' लावून पुश कर (मधे दुसऱ्या कोणी काही टाकलं नसेल तरच जुनी नोंद बदलते). नवी पुल रिक्वेस्ट उघडू नकोस. जुनीच अद्ययावत होते, आणि झालेली चर्चा तिच्यासोबत राहते. यापुढे कमिटआधी 'गिट डिफ स्टॅट', म्हणजे किती ओळी बदलल्या याची मोजणी, बघायची सवय लाव: एका ओळीच्या कामाला शेकडो ओळी दिसल्या तर थांब.

टॅब की स्पेस या वादात पडू नकोस. लिनक्स कर्नलमध्ये आठ अक्षरांचा टॅब, गो भाषेत गोएफएमटी हा तिचा फॉरमॅटर स्वतःच टॅब घालतो, पायथनच्या २००१च्या पेप ८ या शैलीच्या नियमावलीत चार स्पेस आणि ७९ अक्षरांची ओळ. पण प्रकल्प ब्लॅक हा पायथनचा फॉरमॅटर वापरत असेल तर ओळ ८८ची. म्हणून आधी प्रकल्पाच्या सेटिंग असलेल्या एडिटरकॉन्फिग आणि पायप्रोजेक्ट फाइली उघडून बघ. नियमावली एक सांगते आणि आजूबाजूचा कोड दुसरंच करतो, असं दिसलं तर मी कोडचं ऐकतो. पेप ८ सुद्धा सगळ्यात जास्त महत्त्व त्या फाइलमधल्या एकसारखेपणालाच देतं.

आता क्लोन. तुटलेलं क्लोन पुढे चालू होत नाही, पुन्हा पहिल्यापासून. मालवणात आमच्याकडेही पावसाळ्यात वीज गेली की थोड्या वेळाने टॉवरही मान टाकतो. अशा वेळी 'डेप्थ १' देऊन फक्त शेवटचा कमिट आण, मग 'फेच डीपन'ने इतिहास हप्त्याहप्त्याने वाढव. पूर्ण झालेला हप्ता वाया जात नाही. प्री-कमिटचे हुकही (कमिटआधी आपोआप चालणाऱ्या तपासण्या) पहिल्या वेळी नेटवरून बरंच काही ओढतात, ते कॉलेजच्या वायफायवरच बसवून घे.

सगळ्यात सोपं म्हणजे रत्नागिरीच्या मित्राला गिट बंडल (प्रकल्प इतिहासासकट एका फाइलीत बांधणं) करून पेन ड्राइव्हवर द्यायला सांग. ती एकच फाइल, तिच्यावरून थेट क्लोन होतं. मग ओरिजिनचा, म्हणजे गिट जिथून नवे बदल आणतं त्या ठिकाणाचा, पत्ता मात्र बदलून मूळ प्रकल्पाचा दे, नाहीतर पुल करताना गिट पेन ड्राइव्हच शोधत बसेल.